हात ओळखणारी माणसं

आजार नवा असतो तोवर माणूस डॉक्टरांची वाट पाहतो. राउंड कधी, रिपोर्ट कधी, घरी कधी सोडणार. मग केव्हातरी उमगतं की या दुखण्यातून सुटका नाही. ते आता आपल्यासोबतच राहणार आणि आपल्यासोबतच जाणार. त्या दिवसापासून ज्यांची वाट पाहायची ती माणसं बदलतात. डॉक्टर महिन्यातून एकदा कागद पाहून गोळ्या कमीजास्त करतात. रोजच्या दुखण्याचा रोजचा व्यवहार मात्र सिस्टरच्या हातून होतो. थॅलेसेमियाच्या, संधिवाताच्या, कर्करोगाच्या, मूत्रपिंडाच्या कुठल्याही जुन्या रुग्णाला विचारून पाहा. आपल्या डॉक्टरांची पदवी कदाचित त्याला सांगता येणार नाही, पण कोणत्या दिवशी कोणत्या सिस्टरची ड्यूटी आहे हे तो झोपेतही सांगेल.

मी मूत्रपिंडाची रुग्ण आहे. आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२ तास मी डायलिसिसच्या मशीनला जोडलेली असते. तीन दिवस, चार-चार तास. माझं गाव सोलापूर. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजून काढत असतं आणि आमच्या हॉलमध्ये मात्र सगळे ओळीने चादरी पांघरून पडलेले असतात, कारण अंगाबाहेर फिरून आलेलं रक्त थोडं गार होऊनच परत येतं. चादरी ज्याच्या त्याच्या घरच्या, इथल्याच मागांवर विणलेल्या. कोणी मंगळवेढ्याहून पहाटेच्या एसटीने आलेलं असतं, कोणी अक्कलकोटहून, कोणी सीमेपलीकडच्या इंडीहून. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा चार भाषा त्या खोलीत हलक्या आवाजात चालू असतात. पण वजन, बीपी, सुई, सिस्टर हे शब्द तिथे सगळ्यांच्या तोंडी तेच.

आमच्यासारखा रुग्ण ही तशी अलीकडची गोष्ट. १९४३ साली नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी रक्त शुद्ध करणारं यंत्र बनवलं, तरी ते वारंवार वापरता येत नसे. दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची आणि थोड्याच दिवसांत जागा संपायची. अचानक बिघडलेलं मूत्रपिंड चार दिवस सावरून धरण्यापुरता त्याचा उपयोग. १९६० साली सिॲटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहील अशी नळी बसवली आणि क्लाइड शील्ड्स नावाचा एक यंत्रकामगार त्या जोरावर पुढे ११ वर्षं जगला. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो यांनी मनगटाजवळची धमनी शेजारच्या शिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. त्या जोडाला आम्ही फिस्टुला म्हणतो. पूर्ण बरा होणार नाही पण लगेच मरणारही नाही, ठरल्या दिवशी पुन्हा पुन्हा त्याच खाटेवर येत राहील, असा एक रुग्ण त्यातून तयार झाला. त्याच्याबरोबर परिचारिकेचं कामही बदललं. ताप उतरला, टाके काढले, ओळख संपली, असं राहिलं नाही. माणूस तिच्या डोळ्यांदेखत म्हातारा होऊ लागला.

आपल्याकडे हे आणखी उशिरा झालं. माझ्या लहानपणी शेजारच्या वाड्यात एकांची किडनी गेली, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी आधी दागिने मोडले, मग रान विकलं, मग थांबले. आता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतही मशीन आली. त्यामुळे ज्यांनी चार महिन्यांत हात टेकले असते अशी माणसं आज वर्षानुवर्षं येत आहेत. यंत्र मिळालं, पैशाची थोडी सोय झाली. आता प्रश्न उरतो त्या चार तासांचा आणि ते ज्यांच्या हाती असतात त्यांचा. त्याबद्दल आमच्याकडे कोणी फारसं विचारत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

फिस्टुलातून रक्त सतत जोराने वाहत असतं. त्यावर बोटं ठेवली तर लांबवर कुणी जातं फिरवत असल्यासारखी घरघर लागते. ती घरघर चालू आहे तोवर आमचं बरं चाललं आहे. रात्री जाग आली की आम्ही सगळे हे करतो. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवायची, घरघर लागली की पुन्हा डोळे मिटायचे. त्याच हातात वर्षाला ३०० हून अधिक सुया जातात, आणि त्या सुया इंजेक्शनच्या सुयांसारख्या बारीक नसतात.

आमच्याकडे केरळहून आलेल्या एक सिस्टर आहेत. इतकी वर्षं इथे राहून त्यांचं मराठी पक्कं सोलापुरी झालंय, फक्त वाक्याच्या शेवटी अजून थोडा हेल येतो. त्यांचं काम जवळून बघण्यासारखं असतं. त्या ट्रे आणून ठेवतात आणि सुईला हात लावायच्या आधी नुसता माझा हात बघतात. कुठे सूज आहे का, कुठे लाल झालंय का, मागच्या टोचणीची खपली कशी आहे. मग मधली दोन बोटं मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश सरकवतात. मग स्टेथोस्कोप लावून ऐकतात. तेवढा वेळ त्या कुणाशी बोलत नाहीत. कुणी हाक मारली तर दुसरा हात वर करून थांबवतात. एकदा असंच ऐकता ऐकता त्या म्हणाल्या, “काकू, रात्री ह्या हातावर झोपलेला दिसता.” मी झोपलेच होते. आवाज किंचित वेगळा लागला होता, माझ्या बोटांना न कळलेला त्यांच्या कानांना कळला. नंतर त्या जागा निवडतात, मागच्या खुणेपासून जराशी सोडून. “घालते हां,” म्हणतात, मी श्वास सोडते तेव्हाच सुई आत जाते. मी कधीच सुईकडे बघत नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. तो चेहरा हलला नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

मला परिचारिकेकडून काय हवं, असं कुणी विचारलं तर मी आधी ही दोन बोटं सांगेन. सुई घालण्याआधीची ओळख. माझा हात शेजारच्या काकांच्या हातासारखा नाही, माझी शीर कोपराजवळ वळते, तिथे घाईने घातलं तर रक्त बाहेर फुटतं आणि आठवडाभर हात काळानिळा राहतो. हे फाईलमध्ये लिहिलेलं नसतं. ते ज्या हातांना माहीत आहे त्या हातांतच असतं. पोलंडमधल्या त्वार्दोव्स्की यांनी १९७०च्या दशकात एक पद्धत पुढे आणली. दर वेळी जागा न बदलता त्याच छिद्रातून, त्याच कोनात सुई घालत राहायची, म्हणजे आत एक वाट तयार होते आणि पुढे दुखणं कमी होतं. त्यासाठी एक पथ्य सांगितलेलं आहे. ती वाट तयार होईपर्यंत सुई शक्यतो एकाच व्यक्तीने घालावी. हात बदलला की कोन बदलतो आणि वाट मोडते. ही पद्धत सगळ्यांना चालते असं नाही, जंतुसंसर्गाची भीती असते, माझ्यासाठी ती वापरलेलीही नाही. पण ते पथ्य ऐकलं तेव्हा मला फार समाधान वाटलं. जुना रुग्ण ‘आज त्या सिस्टर नाहीत का?’ असं विचारतो तेव्हा तो लाड करून घेत नसतो. त्याच्या विचारण्याला आधार असतो.

ओळखीनंतर हवा असतो विश्वास. म्हणजे आम्ही सांगतो त्यावर विश्वास. दहा वर्षं मधुमेह सांभाळणाऱ्या माणसाला साखर उतरल्याचं यंत्राआधी कळतं. दम्याच्या माणसाला आज रात्र अवघड जाणार हे संध्याकाळीच कळतं. माझं बीपी पडायच्या आधी मला जांभया यायला लागतात. पहिली जांभई आली की मी सांगते. नवख्या मुली कधी हसतात, “काकू, झोप आली का?” केरळच्या सिस्टर हॉलच्या दुसऱ्या टोकाला असल्या तरी दुसऱ्या जांभईला येतात. खाटेची डोक्याकडची बाजू खाली करतात, मशीनवर पाणी काढायचा वेग कमी करतात, मग कफ बांधून बीपी मोजतात. आकडा नंतर येतो, माझं म्हणणं आधी. तेवढ्याने पिंडरीत येणारा गोळा टळतो, डोळ्यांपुढची अंधारी टळते. जुन्या रुग्णाचं शरीर बोलतं आणि ती भाषा त्याला येते. परिचारिकेने ती त्याच्याकडून शिकून घेतली तर दोघांचंही काम हलकं होतं.

याच्या उलट काय होतं तेही मी पाहिलं आहे. मध्यंतरी छातीत कफ झाला म्हणून दुसऱ्या एका रुग्णालयात दाखल होते. जनरल वॉर्ड, रात्रपाळी. सिस्टर आल्या आणि डाव्या हाताला बीपीचा पट्टा गुंडाळू लागल्या. फिस्टुलाच्या हाताला पट्टा बांधायचा नसतो, त्यातून रक्त काढायचं नसतं, सलाईन लावायची नसते. दाब बसून प्रवाह थांबला तर फिस्टुला कायमचा जातो. मी सांगितलं. “काही होत नाही आजी, दोन मिनिटं,” उत्तर आलं. मी हात ओढून घेतला, त्यांना राग आला. सकाळी रक्त काढायला आलेल्या मुलाला तेच सांगितलं, दुपारच्या पाळीला पुन्हा तेच. ताप असलेल्या माणसाने आपल्याच हातावर पहारा करत जागं राहायचं, यासारखी दमणूक नाही. शेवटी दुसऱ्या रात्री आलेल्या एका तरुण सिस्टरने माझं बोलणं पूर्ण ऐकलं. तिने केसपेपरच्या पुठ्ठ्यामागचा कोरा कागद काढला, स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘डावा हात : बीपी नाही, सुई नाही’, आणि औषधाच्या चिकटपट्टीने माझ्या उशाशी भिंतीवर लावून टाकला. जाताना पुढच्या पाळीच्या मुलीला खाटेजवळ आणून तो कागद वाचून दाखवला. त्या रात्री मी झोपले. एक कागद, एक पेन, पाळी बदलताना बोललेलं एक वाक्य. जुन्या रुग्णाच्या अपेक्षा किती लहान असतात आणि त्या पुऱ्या झाल्या तर केवढं वाचतं, हे त्या भिंतीवर लिहिलेलं होतं.

पाण्याचं बोलणं सगळ्यांत अवघड. मूत्रपिंड बंद पडलं की प्यालेलं पाणी अंगातच राहतं. त्यामुळे दिवसाला मोजून तांब्या-दीड तांब्या, त्यातच चहा आणि आमटी. वजनकाट्यावर उभं राहिलं की मागच्या दोन दिवसांचा हिशेब उघडा पडतो. एका डायलिसिसला मशीनमधून साधारण १२० लिटर पाणी फिरून जातं. चार तास त्या पाण्याचा आवाज ऐकत पडायचं आणि आपल्या घशाला कोरड. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही तहान काय असते ते सांगता येत नाही. वजन तीन-चार किलोंनी वाढलेलं दिसलं की काही ठिकाणी सगळ्यांदेखत झडती होते. “किती सांगायचं तुम्हाला? परत पाणी प्यायलात ना?” पांढऱ्या केसांची माणसं मान खाली घालून उभी राहतात. मग पुढच्या वेळी ती खरं सांगत नाहीत. आधी जास्तीच्या कपड्यांवर ढकलतात, मग जेवणावर. चिडण्याने पाणी कमी होत नाही, खरं बोलणं कमी होतं.

आमच्या सिस्टरनी मला वेगळं विचारलं होतं. “घरात काही कार्य होतं का?” होतं. नातवाची मुंज होती. मग त्यांनी जेवणात काय काय होतं ते विचारलं आणि म्हणाल्या, “तुम्ही पाण्याशी भांडू नका, मिठाशी भांडा. मीठ कमी झालं की तहान आपोआप कमी होते.” शेंगाची चटणी, लोणचं, पापड, बाजारचं फरसाण, एकेक पदार्थ घेऊन त्यांनी समजावलं. सोलापूरच्या माणसाला शेंगाची चटणी सोडायला सांगणं म्हणजे काय हे त्यांनाही कळत होतं, म्हणून घाई केली नाही. “बर्फाचा एक खडा तोंडात धरा, मोठं भांडं काढून टाका, छोट्या वाटीने प्या.” बंधनं तीच, पण ती पाळणाऱ्याच्या बाजूला उभं राहून सांगितलेली. उपदेशाला माझी ना नाही. तो आधी मला विचारून केलेला असावा, एवढंच म्हणणं आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं नाव आपण शाळेत ऐकतो ते हातात दिवा घेऊन रात्री सैनिकांमध्ये फिरणारी बाई म्हणून. पुढची हकीकत फार कमी जणांना ठाऊक असते. १८५५ साली क्रिमियातच त्यांना जबरदस्त ताप आला, त्यातून त्या कधीच पुऱ्या बऱ्या झाल्या नाहीत. परतल्यावर कित्येक वर्षं त्यांनी खाटेवर काढली. रुग्णसेवेवरचं त्यांचं प्रसिद्ध छोटं पुस्तक आलं ते या आजारपणात, १८५९-६०च्या सुमारास. ते वाचताना सारखं जाणवतं की हे खाटेजवळ उभ्या असलेल्या बाईइतकंच खाटेवर पडलेल्या बाईने लिहिलं आहे. रुग्णाच्या नजरेसमोर येऊन बोला, पाठीमागून किंवा दारातून नको, असं त्या सांगतात. खोलीबाहेर कुजबुजू नका, कारण ती आपल्याबद्दलच आहे हे रुग्णाला कळतं. काय होणार आहे ते आधी सांगा. वाट पाहणं आणि अनिश्चितता माणसाला श्रमांपेक्षा जास्त थकवते. आणि पोकळ धीर देऊ नका. त्या विषयावर तर त्यांनी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. आधुनिक परिचर्येचा पाया घालणारी व्यक्ती स्वतः दीर्घकाळची रुग्ण होती, ही गोष्ट प्रत्येक नर्सिंग कॉलेजात पहिल्या दिवशी सांगायला हवी.

पोकळ धीर आम्हाला खूप मिळतो. “काही काळजी करू नका, सगळं छान होणार.” सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण सगळं छान होणार नाही हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, आणि त्या वाक्यानंतर मला जे विचारायचं असतं ते विचारता येत नाही. हिमोग्लोबिन उतरलंय तर किती उतरलंय ते सांगा. आज सुई नीट बसली नाही तर तसं म्हणा. मला आशा हवी आहे, पण माझ्या मापाची. पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला पुण्याला जाता येईल का, तिथे कुठे डायलिसिसची सोय होईल, कागदपत्रं कोणती न्यायची. या प्रश्नांना मन लावून दिलेलं उत्तर हीच माझी आशा असते.

खरं बोलण्याची सगळ्यांत मोठी कसोटी लागते ती समोरची खाट रिकामी होते तेव्हा. मंगळवेढ्याचे एक काका वर्षानुवर्षं माझ्यासमोर असत. ज्वारीचा हुरडा निघाला की ते सिस्टरांसाठी पिशवी भरून आणायचे, स्वतः मात्र दाणा तोंडात टाकायचे नाहीत. एका सोमवारी तिथे दुसरं कुणी होतं. नव्या मुलीला विचारलं तर म्हणाली, “त्यांनी सेंटर बदललं असेल.” हॉलमध्ये त्या दिवशी कुणी बोललं नाही. सगळ्यांना कळलं होतं, फक्त कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी केरळच्या सिस्टर ड्यूटीवर आल्या. त्या एकेका खाटेजवळ गेल्या आणि प्रत्येकाला तेच सांगितलं, “शनिवारी रात्री काका गेले. घरीच होते, सगळी माणसं जवळ होती.” मग त्यांनी प्रत्येकाचं बीपी पुन्हा तपासलं. आम्ही एकाच बोटीतले आहोत. कोण उतरलं हे कळण्याचा आम्हाला हक्क आहे. लपवलं की भीती वाढते. नीट सांगितलं की दुःख होतं, आणि दुःख सोसता येतं.

काही अपेक्षा तर बोलूनही दाखवता येत नाहीत. चार तास नळ्यांना बांधलेल्या बाईला मध्येच बेडपॅन लागलं तर पडदा आधी ओढावा, विचारणं नंतर करावं. पुरुष शेजारी असताना पदर सरकला तर मागण्याआधी चादर वर यावी. मला एका सिस्टरने ब्लाउजच्या डाव्या बाहीची शिलाई उसवून तिथे टिचबटणं लावून घ्यायला सांगितलं. तेव्हापासून हात उघडा करण्यासाठी अर्धं अंग उघडं करावं लागत नाही. हे कुठल्या अभ्यासक्रमात नसेल. पण एका बाईची रोजची लाज तिने वाचवली, आणि मी ते आणखी कितीतरी जणींना सांगितलं.

परिचारिका दीर्घकाळ जवळ राहिली तर ओळख कुठवर जाऊ शकते, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. त्यानंतर त्या बोलू शकल्या नाहीत, उठू शकल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पहिल्या निवृत्त झाल्या, पुढच्या आल्या, ज्यांनी त्यांना कधी चालताना पाहिलं नव्हतं अशा मुलींनी ते काम हाती घेतलं. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला शय्याव्रण झाले नाहीत, याची दखल २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने घेतली. जेवण आवडलं की नाही ते त्या चेहऱ्यावरून आणि आवाजांवरून कळवतात, हेही तपासणाऱ्या डॉक्टरांना दिसलं. ज्या माणसाला एक शब्द बोलता येत नाही, त्याला काय आवडतं हे कळायला किती काळ जवळ बसावं लागलं असेल! त्या प्रकरणात दयामरणाचा मोठा कायदेशीर प्रश्न होता आणि त्यावर जाणत्यांची वेगवेगळी मतं आहेत. मी एवढंच पाहते, की परिचारिकांनी त्यांना ओळखणं सोडलं नाही.

पण ही ओळख वेळ मागते, आणि वेळ परिचारिकेच्या हातात नसतो. भारतीय परिचर्या परिषदेचा वॉर्डसाठीचा निकष आहे : शिकाऊ डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक. प्रत्यक्षात रात्री एकटी सिस्टर अख्ख्या वॉर्डात पळताना कुणी पाहिली नाही? खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्यातून नेमलेल्या समितीने २०१६ साली छोट्या रुग्णालयांतही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार असू नये असं सुचवलं. असं सुचवावं लागलं, यातच सगळं आलं. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेली मुलगी माझा हात ओळखू लागते आणि तेवढ्यात तिचं कंत्राट संपतं. हुशार मुली परदेशी जातात; त्यांना दोष देण्याचं धाडस मी करणार नाही. ज्या रात्री मला पट्टा बांधणाऱ्या त्या सिस्टरचा राग आला होता, त्या रात्री तिच्याकडे किती खाटा होत्या ते मी सकाळी मोजलं. माझ्या हाताचं म्हणणं ऐकायला तिच्याकडे खरोखर दोन मिनिटं नव्हती. तक्रार मी आजही करते, पण ती तिच्या नावाने करत नाही. ज्यांनी त्या वॉर्डात तिला एकटीला ठेवलं त्यांच्या नावाने करते.

आणि आमच्याकडूनही काही देणं लागतं. आम्ही वेळेवर यावं, वजनाचं खरं सांगावं, हात साबणाने धुऊन खाटेवर बसावं. शिकाऊ मुलीची सुई पहिल्यांदा चुकली तर तिचा हात थरथरू नये इतपत शांत राहावं. तीही कुणाच्या तरी हातावर शिकणारच आहे. नातेवाइकांनी बिलाचा राग तिच्यावर काढू नये. तिचं नाव विचारावं आणि त्या नावाने हाक मारावी, तिच्यामागे सिस्टर लावून. तिने चहा घेतला का हेही विचारावं. चार तासांत मी तिला दहा वेळा बोलावते, तिला बसलेली क्वचितच पाहते.

तुमच्या घरात असं जुनं दुखणं नसेल तर उत्तमच. पण कधी कुणाला भेटायला रुग्णालयात गेलात, तर फुलं आणि फळं नेण्याआधी एक करा. आमच्यातल्या पुष्कळांना फळं चालतही नाहीत. खाटेजवळ उभं राहून विचारा, या पाळीला इथे सिस्टर किती आणि रुग्ण किती. आकडा चुकीचा वाटला तर तो रुग्णालयाच्या प्रमुखांना लेखी कळवा, नगरसेवकाला सांगा, आमदाराला सांगा. योजनेत मशीन बसवून घेतली तशी माणसंही मागून घ्या. यंत्र आमचं रक्त शुद्ध करतं, पण आम्हाला जगवतो तो यंत्राशेजारचा हात, आणि त्या हाताला आमचा हात ओळखण्याइतका वेळ मिळवून देणं हे निरोगी माणसांचं काम आहे.